एक्स-रे उत्तम, पण आई म्हणते "पहिल्यासारखं नाही": ४८ पैकी २९ गुणांचा अर्थ कसा लावायचा?

प्रश्न थोडक्यात असा: नागपूरच्या एका गृहस्थांच्या आईंचं, वय ६७, जानेवारीत उजव्या गुडघ्याचं प्रत्यारोपण झालं. आता मे सुरू आहे. सर्जन खूष आहेत, एक्स-रे उत्तम, गुडघा ११५ अंशांपर्यंत वाकतो. आई मात्र म्हणते, "पहिल्यासारखं नाही." रुग्णालयाकडून मोबाइलवर बारा प्रश्नांचा फॉर्म आला. मुलानं तो "आईला विचारून विचारून" भरला आणि ४८ पैकी २९ गुण आले. गुडघे टेकण्याला आणि एकटीनं खरेदी करण्याला शून्य, जिना उतरण्याला एक, रात्रीच्या दुखण्याला दोन. शस्त्रक्रिया फसली का, आणि हे फॉर्म भरायचे तरी कशाला, असं त्यांनी विचारलं आहे.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. गेली बावीस वर्षं नागपुरात हाडांच्या शस्त्रक्रियेनंतरचे रुग्ण बघते आहे. सर्जनचं काम जिथं संपतं तिथून पुढचे सहा-आठ महिने हे लोक माझ्याकडे असतात, म्हणून उत्तर जरा लांबणार आहे.

आधी मनातली भीती काढून टाका. चौथ्या महिन्यात २९ गुण म्हणजे शस्त्रक्रिया फसली असं अजिबात नाही. पण ती यशस्वी झाली असंही त्या आकड्यावरून म्हणता येत नाही, कारण जानेवारीच्या आधीचा आकडा तुमच्याकडे नाही.

तुमच्याकडे आलेला फॉर्म वर्णनावरून ऑक्सफर्ड नी स्कोअर दिसतो. इंग्लंडमध्ये १९९८ साली तो प्रसिद्ध झाला. गेल्या चार आठवड्यांबद्दल बारा प्रश्न, प्रत्येकाला शून्य ते चार गुण, एकूण ४८, आणि जास्त गुण म्हणजे गुडघा जास्त चांगला. इंग्लंडमध्ये एप्रिल २००९ पासून सरकारी खर्चानं सांधा बदलणाऱ्या रुग्णांना असा फॉर्म शस्त्रक्रियेआधी आणि सहा महिन्यांनी देतात. तिथल्या नोंदींत आधीची सरासरी १९ च्या आसपास आणि सहा महिन्यांनंतरची ३५-३६ च्या आसपास येते. तुमच्या आई जानेवारीत ११ वर असतील, तर २९ ही फार मोठी झेप आहे. २५ वर असतील, तर चार गुणांचा फरक झाला, आणि एकाच रुग्णाच्या बाबतीत चार-पाच गुण इकडेतिकडे झाले तर त्यातून फारसं काही सांगता येत नाही. गुण तेच, गोष्ट पूर्ण वेगळी. म्हणून प्रत्येक घराला माझं सांगणं असतं की भरती होण्याआधी फॉर्म भरा. रुग्णालयानं दिला नाही तर मागून घ्या. नंतर आठवून भरलेला "आधीचा" फॉर्म विश्वासाचा नसतो. दुखणं गेलं की माणूस ते किती होतं हे विसरतो, आणि नवं दुखणं असलं की जुनं त्याला सौम्य वाटायला लागतं.

आईंचा आधीचा फॉर्म नाही, हरकत नाही. खुणा शोधा. डिसेंबरात दिवसाला दुखण्याच्या किती गोळ्या लागायच्या? जुनी बिलं असतील. घरातल्या लग्नाचा एखादा व्हिडिओ असेल, त्यात त्या कशा चालतात ते बघा. जिना एकेक पायरीवर दोन्ही पाय टेकवत उतरायच्या का? माझा अनुभव सांगतो की हे बघितल्यावर घरच्यांचा आणि रुग्णाचा दोघांचाही सूर बदलतो. कधी चांगल्याकडे, कधी नाही.

आता फॉर्म भरला कुणी, त्याकडे येते. माझ्या मते तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची ओळ तीच आहे.

मी नवीन असताना एका मोठ्या रुग्णालयात हे फॉर्म भरून घ्यायचं काम माझ्याकडे होतं. बाहेर साठ-सत्तर माणसांची रांग. मी भराभर विचारायची, "रात्री दुखतं का आजी? थोडंसंच ना?" आजी मान डोलावायच्या. मी "सौम्य" वर खूण करायची. दोन वर्षं मी असे फॉर्म भरले, आणि आज मला त्यांतला एकही खरा वाटत नाही. त्या मान डोलावण्यात माझं उत्तर होतं, त्यांचं नव्हतं.

ही चूक मला कळली ती नागपूरच्या महाल भागातल्या एका आजींमुळे. गुडघा बदलून पाच महिने झालेले, टाका सुंदर भरलेला, एक्स-रे पुस्तकात छापावा असा. मुलगा शेजारी बसून प्रत्येक प्रश्नाचं उत्तर देत होता. "आता मस्त आहे. फिरते. काही त्रास नाही." आजी माझ्याकडे न बघता पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या. मी मुलाला खालच्या दुकानातून क्रेप बँडेज आणायला पाठवलं आणि खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसले. काही विचारलं नाही. थोड्या वेळानं त्याच बोलल्या, "पोरानं एवढे पैसे लावले मॅडम. आता दुखून रायलं म्हनू कशी?" कुठं दुखतं म्हणून विचारलं, तर त्यांचा हात गुडघ्यावर गेलाच नाही. मांडीच्या पुढच्या बाजूनं वर जांघेपर्यंत फिरला. खुब्याचा सांधा झिजला की त्याचं दुखणं पुष्कळदा गुडघ्यात जाणवतं, हे आम्हाला पहिल्या वर्षी शिकवतात. मी पाय आतल्या बाजूला फिरवून बघितला, तर त्या कळवळल्या. सर्जनकडे परत पाठवलं, त्यांनी खुब्याचा एक्स-रे काढला आणि कारण सापडलं. नवा गुडघा निर्दोष होता. पण "काही त्रास नाही" या तीन शब्दांखाली पाच महिने एका बाईची झोप दडलेली होती.

म्हणून मी कळकळीनं सांगते, फॉर्म आईंनाच भरू द्या. वाचता येत असेल तर मोठ्या अक्षरांत कागदावर छापून द्या आणि खोलीतून बाहेर जा. वाचता येत नसेल तर वाचून दाखवणारा माणूस घरचा नको आणि ज्यांनी शस्त्रक्रिया केली त्यांच्या चमूतलाही नको. शेजारच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलीला बोलवा. तिनं प्रश्न जसाच्या तसा वाचायचा, पाचही पर्याय वाचायचे आणि गप्प बसायचं. आपल्याकडे डॉक्टरांना "अजून दुखतं" म्हणणं हा त्यांचा अपमान वाटतो, आणि मुलाला म्हणणं म्हणजे त्याच्या खर्चावर पाणी टाकणं. हे दोन्ही संकोच कागदासमोर एकटं बसल्यावर बरेच सैल होतात. फॉर्म भरण्याचं पहिलं कारण हेच आहे. सर्जनच्या खोलीत मिळणाऱ्या चार मिनिटांत जे तोंडातून निघत नाही, ते कागदावर उतरतं.

ही कल्पनाही काही आजची नाही. बोस्टनचे सर्जन अर्नेस्ट कॉडमन यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच आग्रह धरला होता की प्रत्येक रुग्णाला वर्षभरानंतर गाठून त्याचं पुढं काय झालं याची नोंद करा. सहकाऱ्यांना ते रुचलं नाही आणि त्यांना स्वतःचं छोटं रुग्णालय काढावं लागलं.

आता तुमच्या आकड्याच्या आत शिरू या. बेरीज बघू नका, प्रश्न बघा.

गुडघे टेकण्याला शून्य. आईंनी प्रयत्न करून जमलं नाही, की प्रयत्नच केला नाही? माझ्याकडचे बहुतेक जण "डॉक्टरांनी खाली बसू नका म्हटलंय" म्हणून गुडघा कशालाच टेकवत नाहीत आणि उत्तर देतात, अशक्य. मांडी घालणं, उकिडवं बसणं आणि गुडघे टेकणं या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. गादीवर किंवा जाड उशीवर गुडघा टेकवणं, जखम पूर्ण भरल्यावर आणि सर्जननी होकार दिल्यावर, बऱ्याच जणांना जमतं. पहिल्यांदा विचित्र वाटतं, कारण टाक्याच्या बाहेरच्या बाजूची कातडी बधिर असते. काप घेताना तिथल्या बारीक नसा तुटतात. हा बधिरपणा जवळजवळ सगळ्यांना येतो, कमी होत जातो, काहींना थोडा कायम राहतो. त्यानं सांध्याला धोका नाही.

एकटीनं खरेदीला शून्य. मला सांगा, आई शस्त्रक्रियेआधी तरी एकट्या बर्डीच्या बाजारात जात होत्या का? हा प्रश्न ज्या देशात लिहिला गेला तिथं म्हाताऱ्या बायका पिशवी घेऊन एकट्या दुकानात जातात. आपल्याकडे सून जाते, नातू जातो, नाहीतर भाजीवाला दारात येतो. प्रश्न "जाता का" असा नसून "जाऊ शकाल का" असा आहे. गोकुळपेठ बाजारात अर्धा तास फिरून दोन किलोची पिशवी उचलून आणणं त्यांना गुडघ्यामुळे अवघड आहे का, एवढंच मनात धरून उत्तर द्यायचं. या दोन प्रश्नांत मिळून तुमचे आठ गुण गेले आहेत, आणि त्यातले किती खरोखर गुडघ्यानं नेले हे मला शंकास्पद वाटतं.

परदेशी फॉर्मांची ही अडचण नेहमीची आहे. वोमॅक नावाचा २४ प्रश्नांचा कॅनडातला फॉर्म आहे, त्यात मोजे घालणं आणि बाथटबमध्ये उतरणं विचारलं आहे. इथं साठीच्या बाईला मी मोज्यांचं काय विचारू? मी विचारते, जोडवी घालायला पायापर्यंत हात पोचतो का, नखं स्वतः कापता का. आंघोळ पाटावर बसून करता की स्टुलावर? ऑटोत चढताना कुठला पाय आधी टाकता? मुलाच्या स्कूटीवर मागं एका बाजूनं बसता येतं का? अर्थात माझे हे प्रश्न गप्पांसाठी आणि व्यायाम ठरवण्यासाठी. फॉर्ममध्ये छापलेला शब्द कुणी मनानं बदलायचा नाही, नाहीतर त्या गुणांची कशाशीच तुलना होत नाही. नीट भाषांतराची रीत ठरलेली आहे: दोघांनी वेगवेगळं मराठीत आणायचं, तिसऱ्यानं मूळ न बघता ते परत इंग्रजीत न्यायचं, फरक मिटवायचे आणि मग खऱ्या रुग्णांना देऊन त्यांना काय कळलं ते विचारायचं. ही शेवटची पायरी गाळली की "मध्यम स्वरूपाच्या वेदना" असली मराठी तयार होते, जी दवाखान्यात कुणी बोलत नाही.

आणि दुखण्याला आपल्या भाषेत काय कमी शब्द आहेत! मी ते रुग्णाच्या तोंडचे जसेच्या तसे लिहून घेते, कारण त्यातून मला पुष्कळ कळतं. "आग होते, हुळहुळतं" म्हणजे बहुधा कातडीच्या नसा. "गच्च झालंय, ओढ बसते" म्हणजे सूज आणि आखडलेले स्नायू, व्यायामाचा विषय. "जिना उतरताना चमक निघते" म्हणजे मी गुडघ्याची वाटी आणि मांडीचा पुढचा स्नायू तपासते. "बसून उठलं की पहिली चार पावलं कळ येते, मग सैल होतं" हे शस्त्रक्रियेनंतर वर्ष-दोन वर्षं छान गेल्यावर नव्यानं सुरू झालं, तर बसवलेला कृत्रिम सांधा ढिला झाला का हे सर्जनना बघावं लागतं. आणि "रात्रभर ठणकतं" हा शब्द मी कधीच हलका घेत नाही.

तुमच्या आईंच्या रात्रीच्या दुखण्याला दोन गुण आहेत, म्हणजे काही रात्री दुखतं. चौथ्या महिन्यात कुशीवर वळताना जाग येणं सर्रास दिसतं. गुडघा हाताला थोडा गरम लागणंही कित्येक महिने राहू शकतं. पण ठणका वाढत चालला असेल, ताप येत असेल, टाक्यातून पाणी किंवा पू येत असेल, कमी होत चाललेलं दुखणं अचानक उलटून वाढलं असेल, तर फॉर्म बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी सर्जनना गाठा. जंतुसंसर्ग लवकर सापडला तर सांधा वाचायची शक्यता जास्त. त्याआधी कुणाच्या सांगण्यावरून अँटिबायोटिक सुरू करू नका, त्यानं तपासणीत जंतू सापडणं अवघड होतं. पोटरी अचानक सुजून दुखायला लागली किंवा धाप लागली, तर थेट इमर्जन्सी.

जिना उतरण्याला एक गुण. इथं मला खरं काम दिसतं. ११५ अंश वाकणं जिन्याला पुरेसं आहे, उतरायला साधारण ९० ते १०० अंश लागतात. अडतं ते ताकदीवर. प्रत्यारोपणानंतर पहिल्या महिन्यात मांडीच्या पुढच्या स्नायूची ताकद निम्म्याहून खाली येते, आणि दुखणं गेलं म्हणून ती आपोआप परत येत नाही. फॉर्मची मर्यादाही इथंच कळते. दुखणं कमी झालं की माणूस सगळ्याच प्रश्नांना चांगले गुण देतो, त्याच वेळी चालण्याचा वेग आणि जिना मात्र आधीपेक्षा वाईट असू शकतो. म्हणून मी फॉर्मच्या जोडीला घड्याळ लावते. हात छातीशी धरून तीस सेकंदांत खुर्चीतून किती वेळा उठता येतं ते मोजते. रुग्णाचं म्हणणं आणि घड्याळाचं म्हणणं जिथं जुळत नाही, तिथं थांबून विचारायचं.

आईंना खुर्चीतून उठबस दिवसातून तीन वेळा, दहा-दहा, सुरुवातीला खुर्चीवर उशी ठेवून. खालच्या पायरीवर चढ-उतर, कठड्याला धरून, उतरताना डावा पाय हळू खाली सोडायचा म्हणजे भार उजव्यावर राहतो. सहा आठवडे नेमानं केलं तर जिन्याचा आकडा हलेल असं मला वाटतं. तुमच्या फिजिओना विचारून सुरू करा. आणि हा मे महिना आहे. पारा ४५ कडे चाललाय, आई घराबाहेर पडत नसणार, मग "किती वेळ चालू शकता" याचं उत्तर कमी येणारच. सकाळी साडेपाचला अंबाझरी किंवा फुटाळा तलावाच्या काठानं वीस मिनिटं चाला. तेही शक्य नसेल तर घरातल्या मोठ्या खोलीत कूलरसमोर, घड्याळ लावून.

राहिलं "पहिल्यासारखं नाही." गुडघा बदललेल्यांपैकी साधारण पाचात एक जण वर्षानंतरही पूर्ण समाधानी नसतो, असं वेगवेगळ्या देशांच्या मोठ्या अभ्यासांत आलं आहे. यात शस्त्रक्रिया बिघडलेले सगळे नसतात. कुणाचा दुसरा गुडघा, कुणाची कंबर, कुणाचं मन खचलेलं, आणि सर्वांत जास्त वेळा आधी धरलेली अपेक्षा पुरी झालेली नसते. आईंना विचारा, पहिल्यासारखं म्हणजे कधीसारखं? डिसेंबरसारखं, की चाळिशीतलं? माझ्याकडच्या एका बाईंचं उत्तर होतं, "महालक्ष्म्यांना पंगत वाढता येत नाही." त्यांच्या लेखी शस्त्रक्रिया त्यासाठीच होती, आणि हे त्यांनी सर्जनना कधी सांगितलंच नव्हतं. सांगितलं असतं तर आधीच कळलं असतं की खाली वाकून वाढणं अवघड राहील, पण टेबलावरची पंगत सहज जमेल.

त्यासाठी एक साधी गोष्ट करा, ती मला बारा प्रश्नांइतकीच मोलाची वाटते. कागदावर आईंना स्वतःची तीन कामं लिहू द्या, जी आज जमत नाहीत किंवा अवघड जातात. देवळात जाणं, पोळ्या उभ्यानं करणं, टेकडी गणपतीच्या पायऱ्या, काहीही. प्रत्येकापुढं शून्य ते दहा आकडा: शून्य म्हणजे जमतच नाही, दहा म्हणजे गुडघा दुखायच्या आधी जमायचं तसं. फिजिओथेरपीत ही पद्धत १९९५ पासून वापरात आहे, तिला भाषांतराची अडचण नाही, कारण प्रश्न रुग्णच लिहितो. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला तोच कागद, तीच तीन कामं.

बारा प्रश्नांचा फॉर्म आता जुलैत, सहा महिने झाल्यावर, आईंनी स्वतः भरायचा. मग पुढच्या जानेवारीत. सुधारणा बरीचशी पहिल्या सहा महिन्यांत होते, पण वर्षापर्यंत चालू राहते, त्यामुळे आजच निकाल लावायची घाई नको. जुलैचा फॉर्म आणि तीन कामांचा कागद दोन्ही सर्जनसमोर ठेवा, आणि बेरीज न सांगता कमी गुणांच्या दोन प्रश्नांवर बोट ठेवून म्हणा, "याबद्दल बोलायचं आहे." त्या वेळी आईंची खुर्ची डॉक्टरांच्या समोर असू द्या आणि तुमची जरा मागे. तीन कामांत महालक्ष्म्या निघाल्या, तर भाद्रपदाला अजून वेळ आहे. टेबल-खुर्च्यांची पंगत आत्ताच ठरवून ठेवा आणि वाढायचं काम त्यांच्याकडेच राहू द्या.